पंचेचाळीस वॅट

सिडकोत, उत्तमनगरच्या तिसऱ्या मजल्यावर
सुनेचा लॅपटॉप रात्रभर लावलेला,
तरी सकाळी एकसष्ट टक्के.

सातपूरच्या आयटीआयत एकतीस वर्षं
वायरमन घडवले मी. मला काय सांगता!
आधी सॉकेट बदललं, मिक्सरचं दिलं.
पिनेच्या भोकात टूथपिक फिरवली:
कपड्याचा भुसा, पोह्याचा एक तुकडा.
टक्का जागचा हलेना.

मग भिंग आणलं. चार्जरच्या पोटावर
मुंगीएवढ्या अक्षरात: पंचेचाळीस वॅट.
लॅपटॉपच्या बुडाला: पासष्ट.
मूळचा निनाद घेऊन गेला शारजाला,
हा त्याच्या जुन्या मशीनचा.
सांगायचं राहिलं असेल.

दूधवाल्याच्या बिलामागे गणित मांडलं,
फळ्यावर मांडायचो तसं, खाली दोन रेघा मारून.
येतात पंचेचाळीस.
तू रात्री काम करतेस तेव्हा जातात चाळीस.
पाचावर काय भरणार, शलाका?

तिनं कागद बघितला. बराच वेळ बघितला.

नवा मागवू एम. जी. रोडवरून, म्हटलं,
तोवर रोज तासभर
बंद करून ठेवत जा नुसतं.

"तासभर?" म्हणाली,
आणि एवढी हसली
की पाळण्यातला उठला.