रोज रात्री दोन

आधी वजन.
काट्याच्या आकड्याला निळी चड्डी टांगलेली,
तिच्यात वेझी, चार वर्षांची, पाय लोंबकळत.
काटा बाराच्या आसपास थरथरतो
आणि मी म्हणतो, हलू नकोस गं.
तिचं हलणं थांबावं म्हणूनच तर तिची आई
पहाटेच्या होडीनं सरोवरावरून तीन तास आलीय.

किती वेळा येते आकडी?
न्याचिर्वा तारखा सांगत नाही.
उसिपा वाळत घातले त्या दिवशी एकदा.
दिराच्या लग्नात, ढोल थांबल्यावर.
एकदा चुलीपाशी. मी पाण्यावर गेले होते.
सगळे होते तिथे.
कुणी शिवलं नाही,
लाळ लागली तर आपल्यालाही होईल म्हणून.

ती बाही वर सारते. मुलीची.
कोपरापासून मनगटापर्यंत कातडी
कोंडोवोलेच्या सालीसारखी ओढलेली, चकचकीत.

बारा किलो. किलोमागे पाच.
साठ मिलिग्रॅम. गोळी तीसची.
दोन.
दुसरीतलं पोरही करील हे गणित.
पुस्तकात पाच औषधांची नावं आहेत,
कुठलं कुणाला, कशानंतर कुठलं.
माझ्या फडताळात एक आहे.
माझ्या आजोबांहून जुनं, स्वस्त,
म्हणून तरी पोचतं इथवर. पोचतं तेव्हा.

पहिले काही दिवस पेंगेल, मी सांगतो.
किंवा उलट, घर डोक्यावर घेईल.
अंगावर पुरळ आलं तर थेट इकडे या.
आणि तिच्या आरोग्यवहीत,
मक्याच्या पिठाच्या पिशवीचं कव्हर घातलेल्या,
मी लिहितो: रोज रात्री दोन.
त्याखाली: अचानक थांबवू नका.
दोन रेघा मारतो. पेन कागदातून आरपार जातं.

हे जूनमधलं.

ऑगस्टमध्ये म्वेरा वारा सुटला, होड्या बंद पडल्या.
ती चालत आली, दीड दिवस, मुलगी पाठीशी बांधून.
फडताळ रिकामं होतं.
पुढच्या आठवड्यात येईल, मी म्हणालो,
जसं मला जिल्ह्यातून म्हणाले होते.
वही उघडीच होती टेबलावर,
दोन रेघांचं पान वर.
तिला वाचता येत नाही. मला येतं.

आज ऑक्टोबर.
चार झटके, ती म्हणते, मागच्या पंधरवड्यात.
मी विचारतो, रोज दोन देतेस ना?
ती चितेंजेची गाठ सोडते.
एकोणीस गोळ्या, एकेक पुसून ठेवल्यासारख्या.
एकच देत होते.

ओरडायचे शब्द मला पाठ आहेत.
वर्षातून शंभरदा तरी वापरतो,
झिजून गुळगुळीत झालेत.
ती त्यांच्याआधी बोलते,
रागानं नाही, बाजारात भाव सांगावा तशी:
या उरलेल्या तुमच्या त्या महिन्यासाठी.

बाहेर कुणीतरी कोंबडी हाकलतं.
मी गोळ्या मोजायची थाळी पुढे ओढतो,
सुरीच्या पात्यानं पाच-पाचच्या रांगा करतो.
साठावर थांबायचं असतं. एका महिन्याचा नियम.
साठ होतात. पातं थांबत नाही.
एकशेवीस.
भांडारावरचे म्हांगो बघतात माझ्याकडे,
मग नोंदवहीकडे,
मग चष्मा काढून पुसत बसतात बराच वेळ.

हे कुणाच्या वाट्यातलं, मला माहीत आहे.
गुरुवारी तिसऱ्या वळणावरचा मुलगा येतो, अकरा किलोचा,
त्याच्या बापाला मी काय सांगणार
ते अजून ठरवलेलं नाही.

पुन्हा वजन घ्यायला हवं, मुलं वाढतात.
वेझी निळ्या चड्डीत, पाय आता जरा लांब,
बोटांनी दोरी घट्ट धरलेली,
श्वाससुद्धा रोखून.
काटा तेराकडे जातो, परततो.
हलू का आता, ती विचारते.

काटा अजून ठरत होता.