समास

डिचोलीच्या कचेरीत सांगितलं, इथं नाही.
ज्या तालुक्यात लग्न नोंदलं, दफ्तर त्याच तालुक्यात.
मी म्हटलं, लग्न तर नार्व्याच्या देवळात लागलं.
"देवळातलं नव्हे," कारकून म्हणाला, "सहीचं."

सहीचं वाळपईला. त्याच्या घरापासून जवळ म्हणून.
साखळीला बस बदलली.
शेजारच्या बाईनं विचारलं, "खंय वता गो?"
"दाखल्याक."
कसला ते तिनं विचारलं नाही.
दाखला म्हणजे दाखला. रहिवासाचा असेल, जातीचा असेल.

वाळपईला सेवेरिनाबाई. चष्मा दोरीला बांधलेला.
"वर्स?"
दोन हजार नऊ.
"म्हयनो?"
आठवेना.
पंखा कागद उडवत होता, आणि रोहिदासनं
स्कूटरच्या किल्ल्या त्यांवर ठेवल्या होत्या.
एवढ्यावरून पुस्तक सापडत नाही.
एप्रिल असेल, म्हटलं, नाहीतर मे.
तिनं दोन्ही काढली.

नोंद एकशे चौदा.
बाबांची साक्षीदार म्हणून सही,
प्रत्येक अक्षराशी थांबून, विचारपूस करून पुढं गेलेली.
त्याची सही म्हणजे एक फराटा.
माझी दोनदा.
आमच्याकडे सह्या दोन लागतात:
एक करायची, मग काही दिवस थांबायचं,
कुणाची हरकत आहे का बघायचं, मग दुसरी.
तेवढे दिवस फळ्यावर आमची नावं लटकत होती.
हरकत कुणी घेतली नाही.
मीही नाही. मी साड्यांना फॉल लावत होते.

"आणि घटस्फोट झाला," मी विचारलं, "की तो कुठं लिहितात?"
सेवेरिनाबाईनं एक जुनं पुस्तक ओढलं,
वाळवीनं कोपरे खाल्लेलं, पोर्तुगीज,
आणि पानाच्या कडेला बोट ठेवलं.
तिथं, उभ्या ओळींत, जांभळ्या शाईत,
इतक्या बारीक अक्षरात की कुणी कुजबुजावं:
सन अडतीस. कुणी एक लाडूबाई.
"अर्ज तिणेंच केल्लो," ती म्हणाली,
आणि बोट थोडा वेळ तसंच ठेवलं.
कोण ही, कुठून चालत आली असेल इथवर,
अर्ज कुणाकडून लिहून घेतला,
सोबत कोण होतं? पुस्तकात तेवढं नाही.

मी नववीला मराठी शिकवते.
वही उघडली की आधी सांगते, समास सोडा.
किती, बाई?
दोन बोटं.
आणि त्याच वहीत, पुढल्या महिन्यात:
पतिपत्नी. समास कोणता? द्वंद्व.
विग्रह करा.
मुलं पटापट करतात. पती आणि पत्नी.
मधला 'आणि' कुठून आला,
एवढी वर्षं कुठं दडून होता,
कुणी विचारत नाही. मार्क एक.

वकील तिळवे म्हणाल्या, आधी या नोंदीची प्रत आणा.
मग अर्ज, मग तारखा, मग यादी:
काय निम्मं माझं, काय निम्मं त्याचं.
काजीची अकरा झाडं आहेत.
अकरावं कसं वाटायचं म्हणून तो हसला होता,
परवा, फोनवर. मीही हसले.
हे कुठल्या रकान्यात घालायचं ते तिळव्यांना विचारायचं राहिलं.
सहकारी बँकेचं कर्ज पण निम्मं. त्यावर कुणी हसलं नाही.
शेवटी कोर्टाचा हुकूम घेऊन पुन्हा इथंच यायचं,
एकशे चौदापाशी. कडेची जागा मी बघून ठेवली.
कोरी आहे. दोन बोटं असेल.

प्रत झाली. शिक्का ओला होता, तिनं फुंकर घातली.
माझ्याकडे पाचशेची नोट, तिच्याकडे सुटे नाहीत.
"रावं दी," सेवेरिनाबाई म्हणाली, पुस्तक मिटत,
"येताना दी मगो. परत येवंचेंच आसा तुका."