निव्वळ

मार्केट यार्डात माझा वजनकाटा.
भरलेला ट्रक चढतो, उतरतो,
रिकामा होऊन परत चढतो.
मी दोन आकडे लिहितो, एकातून एक वजा करतो
आणि पावतीवर खाली : निव्वळ.
एकोणीस वर्षं झाली.
हाताला वजाबाकी इतकी बसलेली
की कॅमेरा पहिल्यांदा डोळ्याला लावला
तेव्हा आधी कळलं ते
काय काय वगळायचं.

कॅमेरा मिरजेच्या शिकंदर मुतवल्लींचा.
स्टुडिओ मोडत होते, पोरगा आता ड्रोन उडवतो.
पट्ट्याला अजून लग्नांचा वास,
अत्तर, घाम, थोडी बासुंदी.
"नवरीकडं बघायची सवय लागलीय त्याला,"
म्हणाले, "जरा सांभाळून घ्या."

पहिला महिना आयर्विन पुलावर गेला.
सूर्य कृष्णेत बुडतोय,
सूर्य कृष्णेत बुडतोय,
एकशे चाळीस वेळा बुडाला.
अलका म्हणाली, "रोजच बुडतोय की,
आज दळण आणलं असतं तर?"

मग एका सकाळी, सौद्याच्या वेळेला,
हवेत हळद तरंगत होती
आणि अर्ध्या शटरखालून उजेड तिरपा आत आलेला.
त्यात ईरण्णा.
खांद्यावर पोतं, एक पाय फळीवर,
एक पाय हवेत.
मी खटका दाबला.
त्या हवेतल्या पायानं माझी झोप नेली.

तेव्हापासून डबा अर्धाच खाऊन उठतो.
गणपती पेठेत कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा,
स्टँडवर पेपराच्या गठ्ठ्यावर झोपलेला पोरगा,
मारुती चौकात पुराची खूण दाखवताना
स्वतःच्या गळ्याशी हात नेणारी भाजीवाली.
रविवारी पहाटेची एसटी, मिळेल त्या फलाटाची :
तासगाव, ढालगाव, जत.
खिडकीची काच धूसर असली तर
रुमाल ओला करून पुसतो.
कंडक्टर विचारतो, "कुठलं देऊ?"
"शेवटचं द्या."
घरी सांगतो, साइटचं काम होतं.
अलकाला ठाऊक आहे,
वजनकाटा कुठं साइटवर जातो?

कवठे महांकाळच्या अलीकडं एका शेडमध्ये
बेदाणा निवडणाऱ्या बायका.
एकीनं मान वर न करता पदर पुढं ओढला.
मी कॅमेरा खाली केला.
थोड्या वेळानं तिनं, तशीच खाली बघत,
मूठभर बेदाणे माझ्या दिशेनं सरकवले.
त्या रविवारचा माल तेवढाच.
अजून खिशाच्या शिवणीला एक चिकटलेला आहे.

काढणे हा शब्द आमच्याकडं फार राबतो.
जमिनीतून हळद काढतात, कसेबसे दिवस काढतात,
जमलं तर एखाद्याचा काटाही काढतात.
ईरण्णानं त्या सकाळीच विचारलेलं,
"मला काढलासा खरं,
आता ठिवणार कुठं?"
मला सांगता आलं नाही.

चार महिन्यांनी प्रिंट घेऊन गेलो,
काळी-पांढरी, मॅट कागदावर.
त्यानं हात लुंगीला पुसले, तरी कडेला धरली.
आधी पोतं बघितलं. "शिलाई दिसालीय की."
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"ह्यो पाय खाली कधी ठिवायचा?"

आम्ही दोघंही हसलो,
पण तो जरा आधी थांबला.

प्रिंटच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा उमटला होता,
पिवळा, रेषा न् रेषा मोजता येईल असा.
मी म्हणालो, ही राहू दे माझ्याकडं,
तुला दुसरी आणून देतो.
"डागाची कशाला?" म्हणाला,
आणि हुक उचलून गेला.

ती आता काट्याच्या काचेला लावलीय.
बाहेर ट्रक हॉर्न देतो, ड्रायव्हर हात नाचवतो.
मी भरलेला आकडा लिहितो,
रिकामा लिहितो,
आणि वजा करायचं
कधी कधी तसंच राहून जातं.