हजेरीचा कागद

वाशीच्या सभागृहात बोलावणं होतं.
म्हातारपणाचं राष्ट्रीय धोरण ठरतंय, म्हणाले,
त्यात विस्मृतीच्या आजाराचा वेगळा भाग.
पत्रावर लिहिलं होतं: सर्व हितधारकांस.
सासूबाईंना घरी कुणाजवळ ठेवणार?
नवरा उरणला पाळीवर, शेजारची सुगंधा बाळंतीण.
म्हणून हित हाताला धरूनच निघाले.

करावे गावातून रिक्षा. पाम बीचला लागलो
तशा त्या रिक्षावाल्यावर खेकसल्या,
"बांदावरशी चल रं, कोंड्या मोडशील मिठाच्या!"
तो हसला, आजी, इथे कुठलं मीठ.
मी गप्प. होतं की, डांबराखाली.
डॉक्टर मेहेंदळे म्हणतात, दिशांचं भान गेलंय.
असेल. मला मात्र त्या रस्त्यावर दरवेळी
पायाखाली जरा ओलं लागतं.

आत गारठा. गोल टेबलं, त्यांवर पाट्या:
वैद्यकीय. स्वयंसेवी. विमा.
बांधकाम, कारण खारघरला ज्येष्ठांसाठी टॉवर होतोय.
आमची पाटी: काळजीवाहक.
रुग्णांचं टेबल नव्हतं.
एका मुलीने धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली,
कुठे ठेवू म्हणून बघत राहिली.

पडद्यावर इतके टक्के, तितके टक्के.
'टक्के' ऐकलं आणि सासूबाई ताठ बसल्या.
आमच्या घरात टक्के म्हणजे साडेबारा.
बाकीचे कुठे गेले, हे त्यांनी
सासऱ्यांच्या मागे तीस वर्षं कुणाकुणाला विचारलं,
आता कोणाला विचारलं तेवढं विसरल्यात.

मला तीन मिनिटं दिली.
सांगायचं होतं:
कडी लावली तर रात्रभर दार बडवतात,
नाही लावली तर खाडीकडे चालू लागतात, अनवाणी.
डायपरचे पैसे. नणंदांचे फोन.
आणि एकदा मी हात उगारला होता, तेही.
हात थांबला, पण त्यांनी डोकं आधीच वाकवलं होतं.
माइक तोंडाशी आला आणि मी म्हटलं,
"दिवसा सांभाळणारं केंद्र हवं, गावाजवळ."
फार मोलाचा मुद्दा, असं म्हणून
त्यांनी फळ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली.
जेवणाआधी ती गळून पडली होती.

मग हजेरीचा कागद फिरला.
शेवटचा रकाना: मसुद्यास सहमती, सही किंवा अंगठा.
शाईचं पॅड समोर आलं, निळं, ओलं.
आणि ज्या बाईला लेकाचं नाव सापडत नाही,
घास तोंडात घेऊन गिळायचं राहतं,
तिने अंगठा मुठीत घेतला,
मूठ पदरात,
पदर कमरेत खोचला.
"मागं पन आमच्या बऱ्यासाठीच सांगलं व्हतं."

मागे म्हणजे कधी, त्या पोरसवदा साहेबाला कळेना.
त्याने आदबीने लिहिलं:
श्रीमती धाकलीबाई हशा तांडेल, सहमती देण्यास अक्षम.
मी म्हटलं, आई, हे ते लोक नाहीत.
पण म्हणता म्हणता आठवलं,
मसुदा बेचाळीस पानी, मी चाळलीत दोन.
पेन मागून घेतलं. 'अक्षम' खोडलं.
वर लिहिलं: आधी वाचून दाखवा.
माझ्या नावापुढेही तेच.

रात्री हात धुवायला त्यांची मूठ उघडली,
एकेक बोट सोडवत.
अंगठा कोरडा. रेषा कधीच्या झिजलेल्या मिठागरात,
आधारच्या मशीनवरही उमटत नाहीत.
टॉवेलने पुसत होते तेव्हा विचारलं,
"तू कोनाची गो?"
मी सांगितलं.
"आनि भरती कवा?"
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली, हिशेब केला.
"पहाटे पावणेचारला, आई."
मान हलवली. मग दाराकडे तोंड करून झोपल्या.
कडीचं अजून ठरत नाही.