आठ आठवड्यांचं घर

या. बूट नीट पुसा,
जमिनीचं लाकूड एकशे बारा वर्षांचं आहे
आणि माझे गुडघे त्याच्याहून थोडेच तरुण.
मी वर्ना टॉलेफसन. मंगळवार आणि शनिवार माझे.

हा तळ्याकडे तोंड करून बसलेला व्हरांडा.
शिकागोहून आगगाडीनं यायची व्हिटलोक मंडळी:
सतरा पेट्या, दोन कुत्री, एक पियानो-मास्तर.
जुलै, ऑगस्ट. बस्स.
सत्तावीस खोल्या, आठ आठवड्यांसाठी.
बाकीचं वर्ष खुर्च्या पांढऱ्या चादरी पांघरून
कुणाच्या तरी मयताला जमल्यासारख्या.

दोरीच्या आत नको.
टेबलावरचा केक प्लास्टरचा आहे,
दरवर्षी कुणीतरी चावून बघतंच.
स्वयंपाकघरात घंटांची पाटी: निळी खोली, न्हाणी, मॅडम.
‘मॅडम’ तेवढं दोनदा रंगवलेलं.

पत्रकातला फेरफटका इथं संपतो.
पण तुम्ही चौघंच आहात, आणि किल्ली माझ्याकडे आहे.
मागच्या दारानं चला.

ही बिनखिडक्यांची खोली. बर्फघर.
माझे वडील, सेल्मर, जानेवारीत
घोडी आणि करवत घेऊन तळ्यावर जायचे,
अडीच-अडीच मणांच्या लाद्या कापून
इथं भुशात पुरून ठेवायचे.
ऑगस्टात त्याच लाद्या किणकिणायच्या
वर, सरबताच्या ग्लासांत.
मंडळींना तळं माहीत होतं निळं, होडीपुरतं.
बाबांनी त्याचं हाड पाहिलं होतं.

एका वर्षी घोडी खाली गेली. पेर्निला.
बाबांनी दोर कापला,
नाहीतर मी इथं उभी नसते.
उन्हाळ्यात धाकट्या मुलीनं विचारलं, घोडी कुठाय?
हातात बर्फाची बादली. बाबा म्हणाले,
‘रजेवर.’

लोक विचारतात, एवढं जुनं घर टिकवलंत कसं?
देणग्या, सांगते मी. छपराचं डांबर. समितीच्या बैठका.
आणि सगळे गेले की इकडे येते,
मूठभर भुसा उचलते.
कोरडा ठक्क. तरी तळवा गार पडतो,
की माझाच हात गार असतो,
या वयात कळत नाही.

जाताना वहीत नाव लिहा, पत्ता नको.
आणि त्या मुलाला आवरा कुणीतरी,
खरंच प्लास्टरचा आहे तो केक.