प्रभार यादी

नियम मला पाठ आहेत. वीस वर्षं टेबल एकच.
रुजू अहवाल दोन प्रतींत,
मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, नको ते खोडून,
वैद्यकीय दाखला, जात वैधता,
मालमत्तेचं विवरणपत्र बंद लिफाफ्यात,
मुख्यालयी राहणे बंधनकारक.
क्वार्टरची चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये, गंजलेली.

सात वर्षं गटशिक्षणाधिकारी नव्हताच आमच्याकडे.
प्रभारी होते. अकरा.
त्यातला एक दुपारी आला, मला स्वतःची सही शिकवून गेला,
म्हणाला, निकोडे, तातडीचं काही असलं
तर फोन करू नका.

बाराव्या आल्या त्या कायम. छबिता उसेंडी.
एसटीनं आल्या, डबा घेऊन,
चपलांना नव्या पुलाच्या कामाचा मुरूम.
मी यादी पुढं सरकवली.
टेबल एक, काच तडकलेली. हात फिरवून पाहिला. टिक.
कपाटं तीन, चाव्या दोन. टिक.
जीप एक, निर्लेखनाच्या प्रतीक्षेत.
परसात जाऊन बॉनेट उचललं,
आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
ती यादीत नव्हती. पेन्सिलीनं लिहिली.
शेवटची ओळ: शाळा, एकशे बेचाळीस.
तिथं पेन थांबला.

"ह्या कुठं आहेत?"

रायभान शिपाई हसला,
"म्याडम, त्या का इथं आणून दाखवाच्या जी?"
त्या हसल्या नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पाहिल्यावर सही.

आता प्रभार अहवाल पूर्ण झाल्याशिवाय
पगार निघत नाही. मी नियम काढून दाखवला.
त्यांनी तो दोनदा वाचला.
म्हणाल्या, बरोबर आहे नियम.

हा तिसरा महिना.
कोषागारातून फोन येतो,
मी सांगतो, प्रक्रिया सुरू आहे.
दिवस बुडताना त्या येतात,
कधी कुणा गुरुजीच्या मोटारसायकलवरून,
कधी दुधाच्या गाडीत कॅनला टेकून,
आणि पाणी प्यायच्या आधी लिहितात:
बोडीटोला. मुलं नऊ, गुरुजी एक.
घंटेऐवजी रुळाचा तुकडा. आवाज चांगला.

आवाजाचा रकाना
कुठल्याच नमुन्यात नाही.
मी आखला, पट्टी धरून, लाल शाईनं.

परवा रायभाननं क्वार्टरच्या कुलपात
न सांगता तेल सोडलं.

एकोणपन्नास झाल्या. त्र्याण्णव राहिल्या.
उद्या पिटेटोला. एसटी नाल्यापर्यंतच जाते,
पुढं पायी.
वीस वर्षं त्या गावाचं नाव मी
न चुकता लिहीत आलो, ऱ्हस्व-दीर्घासकट.
घरी सांगून ठेवलंय,
डबे दोन.