छत्र्या

आमच्या पुंता आरेनासमध्ये छत्री
फार तर दोन कोपरे टिकते.
तिसऱ्यावर सामुद्रधुनीकडून वारा येतो
आणि ती उलटी होऊन
पाय वर केलेल्या मेलेल्या खेकड्यासारखी दिसते.
प्रवासी हसतात, फोटो काढतात,
धक्क्याजवळच्या पिंपात ती कोंबून जहाजावर परततात.
आम्ही इथले. आम्ही छत्री विकत घेत नाही.
चौकात बांधलेला दोर धरून रस्ता ओलांडतो
आणि तोंड मिटून घेतो, दातांत वाळू नको म्हणून.

एदुविना बार्रिया माझ्या बेकरीच्या वर राहते.
एकतीस वर्षं तिनं कस्टम्समध्ये शिक्के मारले:
लोकर, खेकड्याचे डबे, लोकर.
एकसष्टाव्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं.
डावा हात लोंबला, ओठ तिरका झाला.
आणि हे ती आवर्जून सांगते,
त्या दिवशी बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

सान्तियागोहून आलेला कोवळा डॉक्टर म्हणाला,
"सेन्योरा, मन प्रसन्न ठेवा, सकारात्मक राहा,"
आणि दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला.
तीन दिवस तिनं तो दाबला.
चौथ्या दिवशी माझ्या कुत्र्याला दिला.
"कंटाळून हात बरा होत नसतो, नेव्हेन.
बोटांनाही काहीतरी हवंसं लागतं."

मग ती पिंपं.
भट्टी पेटवून मी सहाला बाहेर येतो, तर
ही बाई धक्क्यावरून येताना दिसायची,
काखेत पाच-सहा छत्र्यांची कलेवरं.
लोक म्हणाले, वारं डोक्यावरूनही गेलेलं दिसतंय.

ती शिवण उसवायची. एका टाक्याला कधी अर्धा तास.
डाव्या हाताला काम एवढंच, कापड धरून ठेवायचं.
तो धरायचा नाही.
मग तिच्या शिव्या, अशा,
की मी बंदराकाठी वाढलो तरी ऐकल्या नव्हत्या.
वर शिव्या, खाली पाव फुगत असायचे.

कापड छत्रीचं, काड्या छत्रीच्या, शेपूट तिच्या जुन्या मफलरचं.
पहिला पतंग जिन्यातच मोडला.
दुसरा शाळेच्या छपरावर आहे, अजून.
तिसऱ्यानंतर मी मोजणं सोडलं.
मोजदाद तिनं आयुष्यभर केली, तिला विचारा.

जूनमध्ये, दिवस सात तासांचा उरतो तेव्हा,
ती तीन आठवडे खाली उतरली नाही.
दारात ठेवलेला पाव तसाच असायचा.
मी काही बोललो नाही. शिळा उचलायचो, ताजा ठेवायचो.
एक दिवस पाव नव्हता.
वरून पहिली शिवी ऐकू आली
आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून घेतलं.

नवरा तिला वाऱ्यावर सोडून अर्जेंटिनाला गेला,
त्याला बावीस वर्षं झाली.
"बरंच झालं," म्हणते, "ओळख तेव्हाच झाली ना."

काल आम्ही किनाऱ्यावर गेलो.
पतंग काळा-तांबडा, मधोमध कुठल्याशा हॉटेलचं अर्धं नाव.
फिरकी माझ्याकडे देऊन ती धावली.
धावली म्हणजे, एक पाय घासत, एक हात झुलवत,
कानात वारं भरलेल्या वासरासारखी,
त्रेसष्ट वर्षांची बाई, बूट वाळूत रुतलेला, मागेच राहिलेला.
मला हसू आलं.
मग दोरी ताणली आणि हसू गेलं.
चाळीस वर्षं कणीक मळली मी.
ती दाबली की दबते.
माझ्या हातांना असं कुणी वर ओढलं नव्हतं.

"सोड! ढील दे, मूर्खा!" ती ओरडत होती.
मी नाही दिली. घट्ट धरून राहिलो.
दोरी तुटली.

पतंग पाण्यावरून तिएरा देल फुएगोकडे निघाला,
मग तिथं एक ठिपका होता, मग तोही नाही.
मी बूट शोधून आणला. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं,
तर दातांत वाळू.
ती आकाशाकडे नाही, बंदराकडे बघत होती.

"उद्या मोठं जहाज येतंय," म्हणाली.
"दोन हजार माणसं.
पाऊसही आहे म्हणतात."